शंभरच्या पेट्रोलमध्ये पेट्रोल किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत नव्या गाड्या आल्या. कुणी मुलीला कॉलेजसाठी स्कूटी घेतली, कुणी जुनी खटारा देऊन नवी उचलली. गाडी काही हजारांनी स्वस्त मिळाल्याचा आनंद होताच. पण पंपावर गेले की तोच आकडा, एकशे चार-साडेचार रुपये. पालकसभेत एका विद्यार्थिनीच्या अम्मींनी आम्हाला विचारले, "मॅडम, टीव्हीवर सांगतात जीएसटी कमी झाला. मग पेट्रोलचा का नाही झाला?"

उत्तर एका वाक्याचे आहे. पेट्रोलवर जीएसटी नाहीच, तर तो कमी कसा होणार? पण एवढ्याने कुणाचे समाधान होत नाही. "मग पेट्रोलवर काय आहे?" हा पुढचा प्रश्न येतोच. या महिन्याचे पान त्यासाठी.

आम्ही भाषा शिकवतो, उर्दू आणि मराठी. गणित हा आमचा प्रांत नव्हे. पण गणिताचे सर रजेवर होते आणि आठवीचा तास आमच्याकडे आला. शेकडेवारी चालू होती. पुस्तकातले नफा-तोट्याचे गणित बाजूला ठेवून आम्ही फळ्यावर लिहिले: शंभरचे पेट्रोल टाक. हे वाक्य वर्गातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले. आपल्याकडे लिटरने पेट्रोल घेतो कोण? पन्नासचे, शंभरचे, दोनशेचे. म्हणून तर भाव वाढला तरी पटकन कळत नाही. नोट तीच राहते, गाडी मात्र लवकर थांबते.

आधी एका लिटरचा हिशेब करू. तेल कंपन्या दिल्लीच्या दराची फोड जाहीर करतात. तिच्यावरून २०२५ च्या अखेरीस आपल्या जिल्ह्याचा ढोबळ हिशेब असा बसतो. कंपनीची किंमत आणि वाहतूक मिळून ५३.२० रुपये. त्यावर केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क २१.९० रुपये. पंपमालकाचे कमिशन ४.४० रुपये. झाले ७९.५० रुपये. आता यावर राज्य सरकारचा व्हॅट २५ टक्के, म्हणजे १९.८८ रुपये, आणि शिवाय लिटरमागे ठोक ५.१२ रुपये अधिभार. एकूण १०४.५० रुपये. तुमच्या पंपावर पाच-पन्नास पैशांचा फरक पडला असेल, पण तेव्हाचे चित्र हेच.

केंद्राचे २१.९० आणि राज्याचे २५, मिळून ४६.९० रुपये. शंभरची नोट दिली की जवळपास ५१ रुपये तेलाचे आणि ते आणण्याचे, सव्वाचार रुपये पंपवाल्याचे, २१ रुपये दिल्लीचे आणि २४ रुपये मुंबईचे, म्हणजे मंत्रालयाचे. मुलांना हे खरे वाटेना. एक जण म्हणाला, "मॅडम, अब्बा बोलते पंपवाला लुटता." पंपवाल्याची वकिली आम्ही करत नाही. मापात पाप करणारे असतातच, म्हणून मीटर शून्यावर आहे ना हे बघूनच नळी टाकू द्यावी. पण भावातला त्याचा वाटा शंभरात चार रुपयांचा आहे, त्यापुढचे भांडण त्याच्याशी करून उपयोग नाही.

या बेरजेत एक गोष्ट नजरेतून सुटते. राज्याचा २५ टक्के व्हॅट नुसत्या तेलावर नाही, तर तेल अधिक केंद्राचा कर अशा बेरजेवर आहे. म्हणजे करावर कर. केंद्राने एक रुपया वाढवला की पंपावर सव्वा रुपया वाढायला हवा, आणि एक रुपया कमी केला की सव्वा रुपया उतरायला हवा. हे समजले की काही जाहिराती वेगळ्या वाचता येतात. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे शुल्क ८ रुपयांनी कमी केले. दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्यानेही २ रुपये ८ पैशांची कपात जाहीर केली. आता ८ रुपयांचे २६ टक्के काढा (मुंबईचा व्हॅट तेव्हा २६ टक्के होता). बरोबर २.०८ येतात. आठवीच्या मुलीने हे तोंडी केले. केंद्राचा कर उतरल्यावर राज्याचा टक्का आपोआप जेवढा उतरणार होता, तेवढाच 'कपात' म्हणून सांगितला गेला. तेव्हाच त्यावर टीका झाली, पण टीका वाचणारे किती आणि मथळा वाचणारे किती!

केंद्राच्या २१.९० रुपयांचेही पोट फाडून पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या अखेरीस त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये होते. बाकी विशेष अतिरिक्त शुल्क १३ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधांचा उपकर ५ रुपये, कृषी पायाभूत विकास उपकर २.५० रुपये. एका मुलाने 'उपकर' हा शब्द 'उपकार' असा वाचला आणि वर्ग हसला. आम्ही मात्र चूक लगेच दुरुस्त केली नाही. या फोडीमागे एक कारण आहे. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा सगळ्या राज्यांत वाटायचा असतो, पण उपकर आणि अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. म्हणून २१.९० पैकी राज्यांच्या वाटणीला जातात ते १.४० चे ४१ टक्के, म्हणजे ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांना मिळून. मग राज्ये काय करतात? आपल्या हातात जे आहे, म्हणजे व्हॅट, तो घट्ट धरून बसतात. दारू आणि पेट्रोल सोडले तर वाटेल तसा कर लावण्याचे फारसे मार्ग जीएसटीनंतर राज्यांकडे उरलेले नाहीत. दिल्ली मुंबईकडे बोट दाखवते, मुंबई दिल्लीकडे. एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत व्हॅट कमी न करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले, राज्याने उलट जीएसटीची थकबाकी काढली. दोघांचेही म्हणणे थोडेथोडे खरे होते.

पण आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. महागाई आपल्याला दिसते, हुकलेली स्वस्ताई दिसत नाही. २०१३-१४ साली भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला १०५ डॉलरच्या वर होता. २०१५-१६ साली तो ४६ डॉलरवर आला, म्हणजे निम्म्याहून खाली. पंपावर भाव निम्मा झाला का? नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले, पेट्रोलवर ९.४८ रुपयांचे २१.४८ रुपये झाले. तेल उतरत गेले आणि कर चढत गेला. तेच पुन्हा २०२० मध्ये. लॉकडाऊन होते, एप्रिलमध्ये कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास आले होते. ५ मेच्या रात्री केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. पंपावरचा भाव त्या दिवशी हलला नाही, म्हणून कुणाला कळलेही नाही. १ जूनला राज्याने आपले २ रुपये वाढवले. आम्ही सारे तेव्हा घरात होतो, गाड्या दारात उभ्या होत्या. पुढे तेल वर गेले तेव्हा हा वाढलेला कर तिथेच होता, आणि २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१४-१५ मध्ये ९९ हजार कोटी मिळाले होते, २०२०-२१ मध्ये मिळाले ३ लाख ७३ हजार कोटी. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले हे खरे. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा उतरले, तेव्हा २ रुपये परत वाढवले. त्या वेळीही पंपावरचा भाव जागचा हलला नाही.

राज्याच्या अधिभाराची कहाणी तर आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी मुद्दाम वाचावी. २०१५ साली दुष्काळ होता, आपल्याकडे विहिरी कोरड्या पडल्या होत्या. दुष्काळ निवारणाला पैसा हवा म्हणून ऑक्टोबरपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये जास्तीचा कर बसला. कुणी तक्रार केली नाही, करू नयेही. पुढच्या वर्षी पाऊस आला, कर गेला नाही. २०१७ पर्यंत पेट्रोलवरचा ठोक अधिभार ६ रुपयांवर होता. मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद झाली. राज्याचा दारूचा महसूल बुडाला. तो भरून काढायला त्याच महिन्यात पेट्रोलवर ३ रुपये वाढले, ६ चे ९ झाले, पुढच्या महिन्यात ११. ज्या घरात दारूचा थेंब येत नाही, त्या घरानेही दारूच्या दुकानांचा तोटा भरला, स्कूटीच्या टाकीतून! त्यानंतर हा अधिभार कधी खाली, कधी वर गेला. जून २०२० पासून १०.१२ रुपये, जुलै २०२२ पासून ५.१२ रुपये. आज आपण देतो तो हाच.

टक्क्यांतही गंमत होती. २०२० च्या तक्त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबईबरोबर अमरावती आणि औरंगाबाद शहरांना २६ टक्के आणि बाकी महाराष्ट्राला २५ टक्के असा दर दिसतो. आपला जिल्हा अमरावती विभागातला, पण आपण '२५' मध्ये. तरी भाव काही कमी नव्हता, कारण डेपोपासूनचे अंतर भावात मिसळते आणि त्या वाहतुकीवरही व्हॅट लागतो. परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महाग अशा बातम्या म्हणून तर यायच्या. जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्याचा दरही २५ वर आणला. तिथे ६५ पैसे उतरले, आपल्याकडे काही नाही. शेजारी पाहिले तर जळगाव जामोदवरून बुऱ्हाणपूरकडे जाऊन काही वाचत नाही, मध्य प्रदेशचा कर आपल्यापेक्षा जडच आहे. गुजरातेत मात्र हेच पेट्रोल आठ-दहा रुपयांनी कमी मिळते. तेल तेच, कंपनी तीच, फरक राज्याच्या कराचा.

आता हा भार कुणावर पडतो ते पाहू. बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही. जिल्ह्याचे ठिकाण असून गाडी पकडायला घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आमच्या आजोबांच्या काळापासूनची. त्यामुळे आपल्याकडे माणूस एसटीवर नाहीतर दुचाकीवर. पुण्या-मुंबईच्या माणसाला पेट्रोल महाग झाले तर लोकल आहे, मेट्रो आहे. देऊळघाटच्या किंवा धाडच्या माणसाला काय आहे?

वर्गातल्या एका मुलाचे अब्बा मोटारसायकलवर चादरी आणि सतरंज्या बांधून गावोगाव फिरतात. त्याच्यासाठी आम्ही वेगळे गणित मांडले. लादलेली गाडी, रोज सत्तर किलोमीटर, दीड लिटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसदतीस लिटर. पेट्रोलचे ३,९१९ रुपये, त्यात कर १,७५९ रुपये. मुलगा पटकन म्हणाला, "अम्मीच्या खात्यात लाडकी बहीणचे पंधराशे येतात." बाकीची मुले हसली, आम्हाला हसू आले नाही. न्यायाने बोलायचे तर पंधराशे राज्य देते आणि १,७५९ मधले राज्याचे ९३८ आहेत, उरलेले केंद्राचे. तरीही त्या घराच्या वहीत जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला असे मांडले तर काय दिसते ते मुलाने बरोबर पाहिले.

ट्रक-ट्रान्सपोर्टवाला इंधन वाढले की भाडे वाढवतो, ते भाडे साखरेच्या, तेलाच्या, कांद्याच्या भावात जाते आणि शेवटी आपल्या स्वयंपाकघरात येते. चादरवाल्याला ते जमत नाही. दोनशेची चादर दोनशे दहाला म्हटली की बाई म्हणते, "परवा तर दोनशेला होती." तेवढ्यात दुसरा फेरीवाला येतो. वाढलेला कर तो स्वतःच्या रोजीतून भरतो. मोठा दुकानदार मालावर भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेतो. पेट्रोलवर भरलेला व्हॅट असा वळता होत नाही, आणि फेरीवाल्याकडे तर पावतीही नसते.

आपल्या घरांत जकातीचा हिशेब रमजानमध्ये होतो. निसाबाच्या वर माल असेल, त्यावर वर्ष उलटले असेल, तर अडीच टक्के. ज्याच्याकडे उरले त्याने द्यायचे, ज्याच्याकडे उरले नाही त्याच्यावर फर्ज नाही, उलट तो घेण्याचा हकदार. जकात इबादत आहे आणि सरकारी महसूल वेगळी चीज, दोन्ही एका तराजूत तोलायची नाहीत. पण मोजण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पेट्रोलचा कर उरलेल्यावर नाही, लागणाऱ्यावर आहे. फॉर्च्युनरमध्ये पडलेल्या लिटरला ४६.९० आणि चादरवाल्याच्या गाडीत पडलेल्या लिटरलाही ४६.९०.

एक वाक्य आम्ही स्टाफरूममध्ये, लग्नात, एसटीत नेहमी ऐकतो: "टॅक्स भरणारे भरतात आणि फुकटचे खाणारे खातात." बोलणाऱ्याच्या नजरेत हे फुकटचे खाणारे कोण असतात हे वाचकांना सांगायला नको. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, म्हणजे दिमाखात 'टॅक्सपेअर' म्हणवणारे बरेच जण आता आयकर भरत नाहीत. २०२५ अखेरच्या दराने चादरवाला मात्र वर्षाला एकवीस हजारांच्या वर कर भरत होता, नुसता पेट्रोलवर. साबण, चप्पल, मोबाईलच्या रिचार्जवरचा वेगळा. 'महसूल' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जे हासिल झाले ते. त्याच्याकडूनही ते हासिल होतेच.

सरकारला पैसा लागतो हे आम्हाला मान्य आहे. आमचा पगार त्याच तिजोरीतून येतो, मुलांची पुस्तके आणि दुपारची खिचडीही. पेट्रोलियम पदार्थांच्या विक्रीकरातून महाराष्ट्राला २०२१-२२ मध्ये ३४ हजार कोटी मिळाले होते. हे उद्या एकदम बंद करा म्हणणे सोपे, चालवणे कठीण. पेट्रोल जीएसटीत आणा ही मागणीही तशीच. राज्यघटनेत त्याची सोय आहे, तारीख ठरवायचे काम जीएसटी परिषदेचे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि 'आता वेळ नाही' म्हणून मिटला. केंद्राला नको, राज्यांनाही नको. आम्ही फळ्यावर तेही गणित करून पाहिले. करापूर्वीचे ५७.६० रुपये, त्यावर चैनीच्या वस्तूंचा सर्वांत जड ४० टक्के जीएसटी लावला तरी भाव ८०.६४ रुपये. २०२५ च्या अखेरीस आपण मूळ किमतीवर ८१ टक्के कर देत होतो. म्हणजे मोठ्या चैनीच्या मोटारीपेक्षा चादरवाल्याचे पेट्रोल सरकारी वहीत जास्त चैनीचे!

घरच्या वहीत पेट्रोलचे एक वेगळे पान करावे असे आम्ही वर्गातल्या मुलांना सांगितले आहे. रुपये नव्हे, लिटर लिहायचे, आणि महिन्याअखेर त्याला ४६.९० ने गुणायचे. दर बदलला की आकडा बदलायचा. केंद्राच्या शुल्काबद्दल बुलढाण्यात बसून आपण फार काही करू शकत नाही, खासदारांना विचारू शकतो. पण ठोक अधिभार राज्याचा आहे. तो ना जीएसटी परिषदेत अडकलेला, ना तेलाच्या भावाशी बांधलेला. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. त्याआधी आमदार गावात, लग्नात, इफ्तारला भेटतातच. दुष्काळात बसलेल्या आणि दारूच्या तोट्यासाठी वाढवलेल्या या अधिभारातले ५ रुपये १२ पैसे आज नेमके कशासाठी घेतले जातात, एवढे विचारता येते. चादरवाल्याच्या मुलाने आपले गणित करून आणले: महिन्याला १९२ रुपये, वर्षाला २,३०४.